तोंडावर सांगणारे संपतआण्णा

माझ्या लग्नाची पत्रिका संपतआण्णा खाड्यांनी मला दुरुस्त करून परत दिली होती. लाल मार्करनं तीन ठिकाणी गोल काढलेले आणि खाली तिरक्या अक्षरात शेरा, 'रीवर्क'. पत्रिका छापून झाल्या होत्या, निम्म्या आमच्या मुरगूडला वाटूनही झाल्या होत्या, आणि हे गृहस्थ मशिनच्या आवाजावर आवाज चढवून मला सांगत होते, "राग मानायचा न्हाय विलासराव, पर मुहूर्त बारा पस्तीसचा आणि जेवण बारापास्नं लिवलंय. आदी डिस्पॅच आणि मग प्रॉडक्शन व्हय?"

मी म्हटलं, आण्णा, पाहुणे लांबून येतात, आमच्याकडं असंच असतं. तर म्हणाले, असंच असतंय म्हणूनच चुकतंय. एवढं बोलून लग्नाला आले, बाराच्या पहिल्याच पंगतीला बसले, आणि जाताना नवरीच्या वडिलांना सांगून गेले की बुंदी एकसारखी पडलेली नाही. सासरे अजून विचारतात, तो तुमचा बुंदीवाला अजून कामाला आहे का?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमचा कारखाना. पंचतारांकित म्हटल्यावर सासूबाईंना आधी वाटलं होतं की जावई हॉटेलात आहे. हॉटेल नाही, ट्रॅक्टरच्या चाकात बसणारे हब बनतात आमच्याकडं. फौंड्रीतून ओतीव लोखंड येतं, आम्ही ते मशिनवर कातून मापात आणतो. अशा एकेका तुकड्याला आम्ही 'जॉब' म्हणतो. मी त्या मशिन शॉपचा सुपरवायझर, आणि माझा प्रत्येक जॉब ज्यांच्या टेबलावरून पुढं जातो ते तपासनीस संपतआण्णा. दोन ट्यूबलाइटखाली टेबल, खिशात तीन मार्कर. बरा असला तर हिरवा ठिपका, शंका असली तर पिवळा, आणि लाल लागला की जॉब शेजारच्या लाल पेटीत. लाल पेटीतनं परत कुणी काही काढत नाही. सोळा वर्षं मी त्या पेटीकडं बघत संसार केला.

बरं, माणसानं तपासणी टेबलापुरती ठेवावी की नाही? माझ्या बायकोनं, सुजातानं, दिलेली भाकरी एकदा मी त्यांच्या पुढं केली. खायची सोडून त्यांनी ती ट्यूबलाइटपुढं धरली, गोल फिरवली, कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाले, एका अंगाला जाडी जास्त आलीया. मी गाढव, घरी जाऊन हे सांगितलं. त्या दिवसापासून सुजाता आण्णांसाठी वेगळी भाकरी द्यायला लागली. एवढी एकसारखी की परकारानं काढलीय असं वाटावं. नवऱ्याला मात्र जाड अंगाचीच. आण्णांनी ती भाकरी महिनाभर खाल्ली आणि एक दिवस म्हणाले, "चालतंय."

हे 'चालतंय' म्हणजे त्यांचं सर्वोच्च पदक बरं का. त्याच्या वर काही नाही. मी सुपरवायझर झालो त्या दिवशी पेढा दिला, तेव्हाही 'चालतंय'च म्हणाले, आणि ते मला की पेढ्याला हे अजून कळलेलं नाही.

कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरला गेअर कधी टाकायचा ते सांगणार. कुणाच्या दहाव्याला गेले तर फोटो भिंतीवर तिरका लागलाय हे सांगणार, आणि नुसतं सांगून थांबणार नाहीत, स्टुलावर चढून सरळ करणार. मला तर रोजच. तुमचा रिपोर्ट उशिरा आला, तुम्ही माणसांना ओरडता पण कारण सांगत नाही, तुम्ही साहेबांपुढं लई हसता. हे शेवटचं मला इतकं लागलं होतं की मी आठ दिवस साहेबांपुढं सुतकी चेहरा करून फिरलो. साहेबांनी विचारलं, जाधव, घरी सगळं ठीक आहे ना?

तर अशा आमच्या कारखान्यात पुण्याहून अदिती मॅडम आल्या. एचआरच्या. त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून पडद्यावर चित्रं दाखवली. विषय होता, सहकाऱ्याला त्याची चूक कशी सांगावी. म्हणे आधी चांगलं बोलायचं, मग मधे चूक घालायची, मग परत चांगलं बोलायचं. सँडविचसारखं. सगळे आण्णांकडं बघून हसत होते. आण्णा मात्र वहीत लिहून घेत होते. शेवटी हात वर करून त्यांनी विचारलं की मधलं नक्की सांगायचं ना, का पावच चारायचा? मॅडमनी गोड हसून सांगितलं, "मधलं सांगायचंच, काका."

दुसऱ्या दिवशी आण्णांनी पहिला प्रयोग शिवाजीवर केला. शिवाजी आमचा लेथवरचा कारागीर, तालमीतला गडी. आण्णा त्याच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शिवाजी, तुझी मिशी चांगली हाय. जॉब भंगारात घालायच्या लायकीचा हाय. मिशी मातर खरंच चांगली हाय." शिवाजीनं रागानं घरी जाऊन मिशी काढली. तो मिशीविना आला तेव्हा आण्णा माझ्याकडं येऊन तक्रार करायला लागले, की आता ह्याला चांगलं काय म्हणायचं ते सांगा. मी कपाळाला हात लावला.

पण त्यानंतर तीन-चार महिन्यांत एक चमत्कार घडायला लागला. आण्णा मऊ झाले. लाल पेटी रिकामी राहायला लागली. जॉब हातात घ्यायचे, फिरवायचे, हिरवा ठिपका. पुढचा घ्यायचे, हिरवा ठिपका. शिवाजीला एकदा चक्क 'चालतंय' म्हणाले. शिवाजी घाबरून माझ्याकडं आला की आण्णांची तब्येत बरी नाही का? अदिती मॅडम तर हरखून गेल्या. त्यांच्या प्रशिक्षणाचा परिणाम म्हणून त्यांनी आण्णांचा फोटो नोटीस बोर्डावर लावला आणि खाली लिहिलं, 'सकारात्मक सहकारी'. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सोळा वर्षांनी निवांत झोप लागत होती, कारण कशाला शोधायचं?

एक दिवस तर आण्णा सकाळी चुकून शेजारच्या कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसले आणि त्यांच्या गेटपर्यंत गेले. आम्ही पोट धरून हसलो. शिवाजी म्हणाला, तिकडचं काम तपासायला गेलते. आण्णाही हसले, जरा उशिरा.

आणि मग एका सोमवारी डिस्पॅचला निघालेल्या गठ्ठ्यातला एक हब मी सहज उचलला. नख अडकलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं तर बोटाच्या पेराएवढी चीर, आणि चिरेच्या शेजारी आण्णांचा हिरवा ठिपका. असा हब ट्रॅक्टरला लागला आणि भरली ट्रॉली ओढताना चाक निखळलं तर माणूस जायचा. मी गठ्ठा सोडायला लावला. त्यात असे आणखी दोन निघाले. आधी गेलेल्या मालाची अजून कुणाची तक्रार आली नव्हती, एवढंच नशीब.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा नीट बघितलं. जॉब अगदी नाकाजवळ धरत होते. ठिपका द्यायच्या आधी मार्करचं टोपण, रंग ओळखायला, डोळ्यापाशी नेत होते. मी दारात उभा होतो, ओळखीच्या दारात, आणि त्यांनी विचारलं, "कोण हाय?" तेव्हा बसचं कोडं सुटलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

आता एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? सरळ जाऊन सांगावं. पण माझी जीभ उचलेना. निवृत्तीला त्यांची दीड वर्षं राहिलेली. साहेबांना कळलं असतं तर टेबल काढून घेतलं असतं आणि गेटवर बसवलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. त्या टेबलाशिवाय आण्णा म्हणजे काय, हे माझ्या डोळ्यांपुढं येईना. आणि त्यांना त्यांची चूक दाखवायची, मी? मॅडमचं सँडविच मी घरी आरशापुढं उभं राहून करून बघितलं. पहिल्या पावाच्या पुढं गेलोच नाही. सुजाता म्हणाली, कुणाशी बोलताय?

मग मी भ्याड माणसाचा मार्ग धरला. जेवणाच्या सुट्टीत आण्णा हात धुऊन कॅन्टीनला गेले की मी टॉर्च घेऊन त्यांच्या टेबलाशी जायचो. हिरवे ठिपकेवाले सगळे जॉब परत तपासायचो. खराब निघेल त्यावरचा ठिपका थिनरनं पुसायचो आणि जॉब लाल पेटीत टाकायचो. तीन आठवडे. ज्या माणसानं मला सोळा वर्षं हैराण केलं, त्याचं काम मी उपाशीपोटी चोरासारखं करत होतो, आणि वर स्वतःला लई मोठ्या मनाचा समजत होतो.

चौथ्या आठवड्यात एक ठिपका पुसायचा राहिला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी टॉर्च लावून वाकलो होतो. आण्णा कॅन्टीनला गेलेच नव्हते. मागून आले आणि एक हब माझ्यापुढं टेबलावर ठेवला.

"ह्याच्यावर माझा हिरवा ठिपका हाय," ते म्हणाले. "आणि घावला लाल पेटीत."

मी काहीबाही बोलायला लागलो, की पोरांनी चुकून टाकला असेल, मी आपला सहज आलो होतो. त्यांनी माझ्या हातातल्या टॉर्चवर बोट ठेवलं. "किती दिस झालं?"

"तीन आठवडे, आण्णा."

मला वाटलं, आता आख्खं शॉप गोळा होईल. पण ते ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले. हबवरची चीर त्यांनी नखानं शोधून काढली आणि तिच्यावरनं दोन-तीनदा बोट फिरवलं.

"सोळा वर्षं मी तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगितली," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाजवळ कधी बोललो न्हाय. साहेबांजवळ तर न्हाईच न्हाई. आणि तुम्ही माझी झाकताय? एवढं काय वाईट केलंय मी तुमचं?"

मी त्यांना वाचवत होतो असं सांगणार होतो, पण ते आता मलाच खोटं वाटायला लागलं. मी मला वाचवत होतो, त्या एका वाक्यापासून.

मग ते हळूहळू घरचं सांगायला लागले. सोळा वर्षांत पहिल्यांदा. कमी दिसतंय हे त्यांना स्वतःलाही कळलं होतं, पण किती कमी ते कळत नव्हतं. कुणाला विचारायची लाज वाटत होती, म्हणून कोण आपणहून म्हणतंय का याची वाट बघत होते. घरात कुणी म्हणेना. परवा शर्ट उलटा घालून बाजारात गेले, सून बघून हसली आणि म्हणाली, असू दे मामंजी. चहात मीठ घातलं, पोरगा म्हणाला, असू दे बाबा. आधी ह्याच पोराशी टीव्हीच्या आवाजावरनं भांडणं व्हायची, दारं आपटायची. आता आवाज कितीही मोठा केला तरी असू दे.

"माणूस 'असू दे'वर आलं की त्याला हिशेबातनं काढलं म्हणायचं, विलासा," ते म्हणाले. "त्या बोर्डावर माझा फोटो लावलाय न्हवं? तवाच मला भ्या वाटलं. म्हटलं, हितं बी सुरू झालं."

विलासराव नाही, विलासा. ह्या माणसानं माझ्या पत्रिकेवर, भाकरीवर, हसण्यावर सोळा वर्षं बोट ठेवलं होतं, म्हणजे सोळा वर्षं मला हिशेबात धरलं होतं, आणि मी त्याला एक वाक्य देऊ शकलो नव्हतो.

मी दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर बसलो.

"आण्णा, तुमास्नी दिसत न्हाय," मी म्हटलं. "तीन आठवड्यांत अकरा हब खराब गेल्यात तुमच्या हातनं. एखादा बाहेर गेला असता तर कुणाचा तरी जीव गेला असता. उद्या सकाळी माझ्यासंगं डोळ्याच्या दवाखान्यात यायचं. आणि साहेबांना हे आजच सांगायचं. तुम्ही सांगितलं न्हाय तर मी सांगणार."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावरचा ताण उतरल्यासारखा वाटला.

"साहेबांना मीच सांगतो. तुम्ही मधे पडू नगा," ते म्हणाले. हब बाजूला सारला. "आणि?"

"आणि काय?"

"आणिक काय चुकतंय माझं?"

मी बोलायला लागलो. की तुम्ही बसमध्ये खिडकी उघडी टाकून झोपता आणि सगळी धूळ मागच्यांच्या तोंडावर येते. की नव्या पोरांना तुम्ही चूक दाखवता पण एकदाही मशिनवर उभं राहून शिकवलेलं नाही. की दिसत नाही हे कळल्यावर तीन महिने वाट बघत बसलात, तोंडानं विचारलं नाही, ही तर तुमची सगळ्यांत मोठी चूक. आवाज माझा नको तेवढा चढला होता. आण्णा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते, आजारातून उठलेला माणूस पहिलं जेवण जेवतो तसे.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. शिवाजी दारापर्यंत आला आणि आम्हाला बघून तसाच माघारी गेला. मी उठायला लागलो, तर आण्णांनी माझं मनगट धरून खाली बसवलं.

"आणि?" ते म्हणाले.