ठोंबरेकाकांचा घोरणारा दगड

ठोंबरेकाकांना सिन्नरजवळच्या माळावर सापडलेला दगड घोरतो. काकांकडे कपाटभर गारगोट्या आहेत, पण त्यांतली एकही झोपेत आवाज करत नाही. मी काकांचा शेजारी. आमची भिंत एकच, तेव्हा हे काही मी ऐकीव सांगत नाही.

दगड कोणत्या जातीचा ते कळावं म्हणून आम्ही तो कॉलेजात भूशास्त्राच्या फणसेबाईंकडे नेला. बाईंनी भिंगातून पाहिलं, टाचणीने ओरखडा काढला. दगडाने झोपेतच 'हूं' केलं.

"दिसायला काळा पाषाण," बाई म्हणाल्या. "पण काळा पाषाण घोरत नाही. वाळूचा खडक घोरतो कधीकधी, पण इतका मोकळेपणाने नाही. कापून चकती बघावी लागेल."

"कापल्यावर घोरेल?" काकांनी विचारलं.

"कापल्यावर कोण घोरतं?"

काकांनी दगड पोटाशी धरला. काकू गेल्या तेव्हापासून या माणसाच्या डोळ्याला डोळा नव्हता. हा दगड उशाशी ठेवला आणि गडी सकाळपर्यंत झोपला. मला फार बरं वाटलं होतं. काकू असताना दोघांचं एकच भांडण, घोरतं कोण. "तुम्हीच घोरता," काकू म्हणायच्या. काकांनी जन्मात कबूल केलं नाही. घोरायच्या काकूच, आमच्या भिंतीला विचारा.

"बाई, हा आवाज आमच्या काकूंचा आहे," मी सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा पुसला. "तसं असेल तर कापता येणार नाही. पण नुसतं सांगून भागत नाही, ओळख पटवावी लागते. त्या घोरायला लागल्या की तुम्ही काय करायचात?"

काका लाजले. चारचौघांत त्यांनी बायकोला कधी हाक मारली नव्हती. दगड पुन्हा टेबलावर ठेवून, आमच्याकडे पाठ करून ते हळूच म्हणाले, "अगं, जरा कुशीवर हो."

दगड टेबलावर कुशीवर झाला. घोरणं थांबलं.

"घेऊन जा यांना," बाई म्हणाल्या. "आणि गार फरशीवर ठेवू नका."

परतीच्या बसमध्ये आम्ही खिडकीची जागा दगडाला दिली, कारण काकूंना बस लागायची. थोडं पुढे गेल्यावर वारा लागला आणि दगड पुन्हा घोरायला लागला. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून रागाने बघायला लागली.

काकांनी तिला हात जोडले.

"माफ करा," ते म्हणाले, "मीच घोरतो."