हवालदारांचं पांढरं आभाळ

तेलगिरणीत टायपिस्ट म्हणून रुजू व्हायला मी गेलो, त्या दिवशी फाटकावरच्या माणसानं मला चाळीस पावलांवर थांबवलं. हातातली बशीएवढी तबकडी त्यानं आभाळाकडं धरली आणि विचारलं, "दिसली का?"

मी हो म्हणालो.

"रंग?"

"पांढरा असावा."

"असावा न्हाय पायजे. दिसला पायजे," असं म्हणून त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि मगच मला आत सोडलं. मला वाटलं, नोकरीसाठी डोळ्यांची तपासणी असेल. नंतर कळलं, सकाळपासून दूधवाला, पोस्टमन आणि गिरणीच्या डॉक्टरांनाही या परीक्षेला बसावं लागलं होतं. डॉक्टर नापास झाले होते.

हे हवालदार सोपान गायकवाड. फौजेतून निवृत्त होऊन गिरणीच्या पहाऱ्यावर लागलेले. बहात्तरचा दुष्काळ लोक विसरतात न विसरतात तोच पुन्हा लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. भुईमूग नाही, करडई नाही, त्यामुळं गिरणीत घाणे कमी आणि चिमण्या जास्त. अशा वेळी आमच्या चेअरमनसाहेबांनी बाहेरून कुठून तरी एक स्प्रिंगचं यंत्र आणलं. दांडा ओढला की मातीची तबकडी भिरभिरत आभाळात जायची आणि बाराबोरच्या बंदुकीनं ती फोडायची. या खेळाला मातीची कबुतरं म्हणतात, असं साहेबांनी सांगितलं. येडशीजवळच्या माळावर सामने जाहीर झाले, पहिल्या येणाऱ्याला ढाल. पंच म्हणून फौजी माणूस हवा, म्हणून हवालदार.

साहेबांचा अंदाज असा, की पंच शिट्टी वाजवेल आणि आकडे मोजेल. हवालदारांनी मात्र तबकडीचा रंगच मुळापासून तपासायला घेतला. चुना, गेरू, बॉयलरची काजळी, हळद, जे मिळेल ते फासून ते तबकड्या उडवायचे. यंत्र मी चालवायचो. पांढरी तबकडी आमच्या दुष्काळी आभाळात विरघळून जायची. गेरूची मुरमात हरवायची. हळदीची दिसायची झकास, पण हवालदारीणबाईंनी डबा परत मागितला.

साहेबांना गुलाबी रंग हवा होता. निवडणुकीत त्यांच्यावर गुलाल पडला होता, तेव्हापासून त्यांना तो शुभ वाटायचा. हवालदारांनी त्यांना माळावर उन्हात उभं केलं आणि नऊ गुलाबी तबकड्या उडवल्या. साहेबांना त्यातल्या दोन दिसल्या. "नेम ज्याचा त्याचा, साहेब," हवालदार म्हणाले, "पर दिसणं समद्यांला सारखं पायजे." शेवटी काजळीचा काळा रंग ठरला.

सामन्याला पंचक्रोशी लोटली. कबुतरं उडवणार म्हटल्यावर काहीजण फोडणीच्या तयारीनं आले होते. मातीची निघाल्यावर त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

शेवटच्या फेरीत दोघं उरले. आमचे चेअरमनसाहेब आणि बेंबळीचे विठ्ठलराव, जुने शिकारी. प्रत्येकी पाच तबकड्या. साहेबांनी चार फोडल्या. विठ्ठलरावांनी पहिल्या दोन फोडल्या, तिसरी चुकली, आणि हवालदारांनी शिट्टी फुंकली.

मी वर बघितलं. मावळतीकडून काळा ढग आला होता. किती महिन्यांनी. शेजारी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका हातोडे खाली ठेवून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले.

"काळ्या ढगावर काळी तबकडी," हवालदार म्हणाले. "ही धरायची न्हाय. ढग गेल्यावर पुन्हा तिसरी."

माळावर चुळबुळ सुरू झाली. एकानं त्यांना हळू बोलायला सांगितलं, ढगानं ऐकलं म्हणजे. साहेब जवळ आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "हवालदार, नोकरी कुणाची करता?"

"तुमचीच, साहेब. म्हणून तर तुमची ढाल साफ पायजे. तुमाला पांढरं आभाळ घावलं, यांला बी घावू द्या."

साहेब मागं जाऊन खुर्चीत बसले. चारचौघांत दुसरं काय करणार. मग पाऊण तास सगळा माळ ढग थांबावा म्हणून वर बघत होता आणि एकटे हवालदार तो जावा म्हणून. मी त्यांच्या शेजारी वही धरून उभा होतो. मी दोन्ही बाजूंनी प्रार्थना केली.

ढग न बरसता डोंगराकडं निघून गेला. पांढऱ्या स्वच्छ आभाळात विठ्ठलरावांची तिसरी तबकडी पुन्हा चुकली. चौथी फुटली, पाचवी चुकली. ढाल साहेबांना मिळाली.

हवालदारांशी मात्र कुणी बोललं नाही. साहेब रागावले, कारण त्यांना थांबवलं होतं. विठ्ठलराव जास्त रागावले, कारण ढगामुळं हरलो असं सांगायची सोय गेली होती. आणि शिट्टीनं ढग बिचकला, याबद्दल माळावर एकमत होतं.

आम्ही दोघं पायीच परत निघालो. मी सायकल हातात धरली होती. वाटेत मी विचारलं, "हवालदार, तुमच्याबाबतीत कधी झालं होतं का असं?"

 ते सांगू लागले. पलटणीत नेमबाजी होती. पहिल्या येणाऱ्याला पुढच्या मोठ्या सामन्याला पाठवणार होते. यादीत त्यांचं नाव सगळ्यांत खाली होतं. कुणी घातलं, का घातलं, त्यांना माहीत नाही. नंबर येईपर्यंत सूर्य टेकडीमागं गेला. निशाण आणि मातीचा बांध एकच दिसायला लागला. दोन गोळ्या वाया गेल्या.

"तुम्ही सांगितलं नाही?"

"न्हाय. कारणं सांगतो म्हणाले असते." मग म्हणाले, "कुणी इचारलं बी न्हाय. आज तुमी इचारलं."

गाव आलं. माझा रस्ता उजवीकडं होता, त्यांचं घर डावीकडं, बुद्धविहाराला लागून. ते घुटमळले. चहा घेणार का, असं त्यांनी रस्त्याकडं बघत विचारलं. साखर नव्हती, गूळ होता. मी सायकल डावीकडं वळवली.

हवालदारीणबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. मग फळीवरून एक खोका उतरवला. आत पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सहा कप-बश्या होत्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यांनी त्यातल्या दोन सोडवल्या आणि धुवायला नेल्या. कागद माझ्या पायाशी पडले होते. मी एक उचलून घडी घालायला गेलो, तर तो जुना कागद घडीवरच तुटला.