सलगर सर जागा सांगत नाहीत

आमच्या शेजारचे सलगर सर मेथी कुठून आणली तेसुद्धा सांगत नाहीत. पिशवीतून जुडी डोकावत असते, हिरवीगार, मुळांना ओली माती. मी गेटवरून विचारते, "सर, कुठं मिळाली?" सर जुडी आत ढकलतात आणि म्हणतात, "मिळाली की." चप्पल कुठं शिवली, दात कुणाकडं काढला, कडक भाकरी कुठली चांगली, काहीही विचारा, माणूस तोंड मिटून घेतो. फार मागे लागलं तर ठरलेलं वाक्य येतं, "जागा विचारायची न्हाय." भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहिले, पण त्यांच्या घरात दूध कुठून येतं हे मला अजून माहीत नाही.

पूर्ण नाव सिद्राम सलगर. शाळेत चित्रकला शिकवायचे. घराणं मेंढपाळांचं, वडलांचा, म्हणजे अण्णांचा, जन्म मेंढरांमागं गेला. निवृत्त झाल्यावर सरांनी कॅमेरा घेतला आणि माळरानं धुंडाळायला लागले. बायको नातवाला सांभाळायला म्हणून पुण्याला लेकाकडं गेली आणि तिकडचीच झाली. तिनं फोनवर "कुठं आहात?" विचारलं तरी सर "हाय हितंच" म्हणतात. अशा माणसाशी संसार कसा करायचा, असं तिनं मला जाताना विचारलं होतं. 

अशा माणसानं लोकांना चार गोष्टी सांगायचा उद्योग का करावा, हा प्रश्नच आहे. पण सर वर्षातून एक-दोनदा शनिवार-रविवारची कार्यशाळा घेतात, वन्यजीव छायाचित्रणाची. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पोस्टर लागतं. त्यावर लांडगीण आणि तिची तीन पिल्लं, बिळाच्या तोंडाशी, कोवळ्या उन्हात. फोटो इतका सुंदर की बघणारा माणूस तिथल्या तिथं नाव नोंदवतो. मीही नोंदवलं. माझ्या सुनेनं परदेशातून मला कॅमेरा पाठवला होता. सासूबाईंना कशात तरी गुंतवलं की त्या फोन कमी करतात, हा त्यामागचा विचार मला कळला नाही असं कुणी समजू नये.

शनिवारी सकाळी कळलं की पहिला दिवस कोंबडीचा. मागच्या गल्लीतल्या मेहरूनबींच्या कोंबड्या गल्लीत सोडलेल्या आणि आम्ही सगळे रस्त्यावर पालथे. माझ्या एका बाजूला अकलूजचे एक डॉक्टर, त्यांची लेन्स त्यांच्या हातापेक्षा लांब. दुसऱ्या बाजूला चादरींचे दुकानदार. सोलापूरचं मार्चमधलं ऊन पाठीवर, आणि मी साठीची बाई कोपरं टेकून कोंबडीच्या तोंडासमोर. मेहरूनबी दारातून म्हणाल्या, "क्या मास्टर, मेरी मुर्गी की सगाई है क्या?"

सर हातात काठी घेऊन आमच्यामधून फिरत होते. "खाली या. अजून खाली. जनावर खाली अन् तुमी वर, त्यो फोटू न्हाय, पंचनामा." डॉक्टरांचं पोट मधे येत होतं, त्यांना आणखी खाली जाणं शक्य नव्हतं. त्यांनी काढलेल्या फोटोत पिसं झकास आली होती, डोळा मात्र धुरकट. सरांनी तो बघितला आणि विचारलं, "डॉक्टर, पेशंटच्या तोंडाकडं न बघता गोळी देता का?" डॉक्टरांनी लेन्स पुसायला घेतली, म्हणजे देत असावेत.

रविवारी पहाटे गाडीत बसायच्या आधी सरांनी सगळ्यांचे मोबाईल तांदळाच्या डब्यात भरून घेतले. गाडीच्या खिडक्यांना पडदे. स्वतः सर चालवायला. एका साखर कारखान्याचं धुराडं पडद्याच्या फटीतून दिसलं, मग पुन्हा दिसलं, मग आणखी एकदा. डॉक्टर म्हणाले, "सर, हे मघाचंच धुराडं." सर म्हणाले, "त्ये दुसरं हाय." वाटेत कुणालाच हसू आवरेना. 

अखेर एका माळावर उतरलो. हिरव्या जाळीच्या कापडाखाली दाटीवाटीनं पालथे पडलो. खोकायचं नाही, डास मारायचा नाही, अत्तर लावलेल्या दुकानदारांना तर सरांनी सगळ्यात मागं टाकलं. बऱ्याच वेळानं काळविटं आली. एक नर अगदी जवळून गेला, वळून आमच्याकडं बघत उभा राहिला, आणि खरं सांगते, मी बटण दाबायचं विसरले. इतकं जवळ, इतकं जिवंत काही मी किती दिवसांत बघितलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर कुजबुजले. काळविटं काय, आमच्याकडं उसाच्या बांधावरही दिसतात. पोस्टरवरचा लांडगा कधी? सर म्हणाले, "न्हाय." डॉक्टरांनी विचारलं, न्हाय म्हणजे आज नाही की कधीच नाही? आणि पोस्टर लावून लोकांना गोळा करायचं, ही फसवणूक नाही का?

शिंकेवरून माणसाला जाळीबाहेर काढणारे सर, ते जाळीखालून ताडकन उभे राहिले. काळविटं चौखूर उधळली. सर म्हणाले, "सामान भरा."

परतीच्या वाटेवर मागं सगळे धुसफुसत होते. मी पुढं सरांच्या शेजारी बसले होते.  रस्त्यावरून नजर न काढता सर हळू आवाजात बोलायला लागले. पोस्टरवरचा तो फोटो त्यांनी स्वतःच काढलेला. कितीतरी दिवस वाऱ्याची दिशा बघत, पोटावर सरपटत त्या बिळापाशी जाऊन काढलेला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातून काहीतरी झालं. आनंदाच्या भरात तो सगळ्यांना मोबाईलवर पाठवला, खाली गावाचं नाव आणि ओढ्याचं नाव टाकून. पुढच्या रविवारी बिळापाशी गाड्यांची रांग. पिल्लांनी कॅमेऱ्याकडं बघावं म्हणून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लांडगीण भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिल्लं तोंडात धरून न्यायला लागली. दोन नेली. तिसऱ्यासाठी तिला परत यायला वाट मिळाली नाही, कारण गाड्या हलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बिळापाशी गावातली कुत्री होती.

"मीच सांगितलं हुतं, ताई," सर म्हणाले. "मला कुनी विचारलंबी नव्हतं."

मला राग आला. टाळ्या वाजवणाऱ्यांचा आलाच, पण सरांचाही आला. तोच फोटो पोस्टरवर कशाला लावता? आणि मेथीची जागा लपवून त्यातलं काय भरून निघणार आहे? हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडानं एवढंच म्हणाले की गाडी जरा हळू चालवा.

त्यानंतर महिनाभरात सरांना हर्नियाचा त्रास सुरू झाला. ऑपरेशन ठरलं, आणि त्यानंतरही बरेच दिवस जड उचलायचं नाही अशी ताकीद मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, जेवणाच्या डब्याचं विचारतील. त्यांनी गल्लीकडं बघितलं, आत आले, स्वतःच्या हातानं माझी खिडकी लावली आणि म्हणाले, "एक जागा सांगायची हाय."

चित्रकलेचा मास्तर, पण नकाशा काढून देईना. मला लिहूही देईना. कुठल्या फाट्यावर वळायचं, कुठल्या बाभळीपाशी गाडी सोडायची, हे पाढ्यासारखं पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. त्या बिळाजवळ त्यांनी सिमेंटचं एक पसरट टाकं बांधलं होतं. दर रविवारी त्यात पाणी भरायचं. "उन्हाळा लई वाईट हाय तितला," एवढंच म्हणाले.

ती जागा मी इथं लिहिणार नाही. स्कूटीवर पायाशी पाण्याचा कॅन ठेवून मी रविवारी सकाळी गेले. फाटा सापडला, बाभूळ सापडली. पुढं गेले तर एक कमान. कमानीवर बंगल्यांचं रंगीत चित्र, निळाशार पोहण्याचा तलाव, हातात हात घालून चाललेलं जोडपं. सगळ्या माळावर पिवळे दगड रोवलेले, प्लॉट पाडलेले. बीळ मुरूम टाकून बुजवलेलं. आणि कुणाच्या तरी भावी दिवाणखान्याच्या मधोमध सरांचं टाकं, कोरडं ठणठणीत. आजूबाजूच्या धुळीत जनावराच्या पायाचा एक ठसा नाही. दोन होले पक्षी तेवढे टाक्याच्या कडेला बसले होते. कमान उभारणाऱ्यांना, गाड्यावाल्यांना आणि सरांना मी मोठ्यानं शिव्या दिल्या. ऐकायला कुणी नव्हतं. मग कॅन ओतला आणि घरी आले.

सरांना दवाखान्यातून सोडल्यावर मी तडक त्यांच्या खाटेपाशी गेले. म्हटलं, "सर, तिथं प्लॉट पडलेत."

"म्हाईत हाय."

"तिथं काहीही येत नाही."

"व्हय. लई दिस झालं."

"मग पाणी कुणासाठी भरायचं?"

सर म्हणाले, "आमच्या अण्णानं लई लांडगी हाकलली, मेंढरामागनं. पन कुठल्या लांडगिनीला तिच्या घरातनं कदी काडलं न्हाय. मी काडलं. आली परत, तर पाणी तरी दिसंल की."

तेव्हा मला कळलं की लपवण्यासारखं तिथं काहीच उरलेलं नव्हतं आणि हा माणूस तेच जिवापाड लपवत होता. माळावर एकटं जाऊन कुणासाठीच नसलेलं पाणी ओतताना आपल्याला कुणी बघू नये, एवढंच त्यांना हवं होतं. बायकोला सांगितलं असतं तर ती कदाचित गेली नसती. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आसंल."

आता सर हिंडाफिरायला लागलेत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वजन उचलायला परवानगी दिली, पण सरांनी माझ्याकडून काम परत मागितलं नाही आणि मीही दिलं नाही. परवा त्यांनी माझ्या गेटला मेथीची पिशवी अडकवली आणि आपण होऊन म्हणाले, "हितलीच हाय. कोपऱ्यावर ती म्हातारी बसती, तिच्याकडची." म्हणजे आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. मी रोज तिच्यासमोरून जाते.

रविवारी मी परत येते तेव्हा सर गेटवर उभे असतात. कॅन रिकामा आहे का तेवढं बघतात आणि आत जातात. काही आलं होतं का, असं त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.