दुसऱ्या प्रकरणाची बाही

पुस्तक लिहिणं म्हणजे तरी काय हो? एक मोठा झगाच तो. माप घ्यायचं, कापायचं, जोडायचं, कडा दुमडायच्या आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा. जिने गल्लीतल्या निम्म्या लोकांची पोटं कोटात बसवून दाखवली, तिला एक गोष्ट पुठ्ठ्यात बसवता येऊ नये? हे मी नुसतं मनात म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी ते नणंदेसमोर म्हणाले.

आमची नणंद छापखान्यात कामाला आहे. तिला घरात सगळे घाईताई म्हणतात. ती चहा उभ्याने पिते, चपला चालता चालता घालते आणि समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी संपवते.

“मग लिही ना, वहिनी,” ती म्हणाली. “आमच्या मालकांनी जुनं मशीन विकलंय. महिनाअखेरच्या शनिवारी संध्याकाळी न्यायला येणार. तोवर रिकामंच उभं आहे. मालक म्हणाले, तुझं घरचं काही असेल तर छापून घे.”

माझा हात शिलाई मशीनच्या चाकावरच थांबला. कारण गोष्ट माझ्याकडे खरंच होती. माझी आई पायमशीन चालवता चालवता ती गुणगुणायची. नदीकाठची एक बाई, नाव वल्हवत निघून गेलेला तिचा नवरा, आणि त्या बाईशी रोज संध्याकाळी बोलणारी नदी. आई गेली. आता ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला येत नाही. मीही गेले की नदी आटली. म्हणून कैक वर्षं मी ‘लिहिणार आहे, लिहिणार आहे’ म्हणत होते, इतकी की घरातलं कुणी त्यावर मान वर करून बघतही नसे.

“पण वेळ कुठाय मला?” मी म्हटलं.

“गिऱ्हाईक पडद्याआड कपडा घालून बघतं, तेव्हा काय करतेस?”

“वाट बघते.”

“तेव्हा लिही.”

“टेबल नाही.”

“कापायचं टेबल दाराएवढं आहे.”

“तिथे तुझे दादा असतात.”

“दादा मधोमध असतो. कडेला नसतो.”

“कागद?”

तिने फक्त कोपऱ्याकडे बघितलं. तिथे खाकी कागदाचा गठ्ठा, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखा भिंतीला टेकून उभा होता.

“लोक काय म्हणतील ग?”

“लोकांना काही म्हणायचं तर आधी वाचावं लागेल. तेवढी भीती बाळगू नकोस.” चपलेत पाय सरकवत तिने शेवटचा टाका घातला. “एकच सांगते. मागचं वाचायचं नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, वाचलंस की उसवत बसशील. एक पान झालं की खिळ्याला लावायचं आणि पुढे चालायचं.”

झालं. माझ्याकडची सगळी कारणं संपली. कारण नसलेल्या माणसाइतकं केविलवाणं दुसरं कुणी नसतं. मी लिहायला लागले.

आणि काय सांगू, वाहायलाच लागलं हो! कुणी पडद्याआड गेलं की मी टेबलाच्या कडेला. जाड पेन्सिल, मोठं अक्षर, तोंडाने पुटपुटणं चालू. नदी त्या बाईला ‘तू’ म्हणते, म्हणून सगळं पुस्तकच ‘बाई ग, तू असं कर, तू तसं कर’ अशा बोलीत उतरलं. पान भरलं की टेबलामागच्या मोठ्या खिळ्याला लावायचं. वळून बघायचं नाही. इतकी शहाण्यासारखी मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. मास्तर म्हणजे आमचे हे. दुकानात सगळे म्हणतात म्हणून मीही मास्तरच म्हणते. ते कापतात, मी शिवते. बोलणं कमी, दिवसभर त्यांच्या वतीने कैचीच काय ती बोलते. आमच्या दुकानाची एक रीत आहे, सासऱ्यांपासूनची. गिऱ्हाइकाच्या मापाने आधी तोच खाकी कागद कापायचा, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. कपडा तयार झाला की तो फर्मा घडी घालून त्याच पिशवीत ठेवायचा. पुढच्या वेळी घेऊन या, पुन्हा माप द्यायला नको. गिऱ्हाइकाला वाटतं आपली केवढी काळजी घेतात, आणि आम्हाला वाटतं, आता हा दुसरीकडे कुठे जात नाही.

पहिले आले ते चपलांच्या दुकानाचे मालक. नवा कोट घेऊन गेले होते. आता चेहरा असा, जणू कोटाने त्यांनाच घडी घालून ठेवलंय.

“बाई, तुम्हाला कसं कळलं?”

“काय कळलं?”

“मी घरी कुणाला बोललो नव्हतो. पण चार पायऱ्या चढलो की दम लागतो, हे खरं. तुम्ही लिहिलंत, ‘नाव जुनी झाली, तळाला भोक पडलंय, आता दुरुस्तीत अर्थ नाही.’ मी तसाच डॉक्टरांकडे गेलो.”

“आणि?”

“सगळं तपासलं. तळ शाबूत आहे म्हणाले. पण बाई, असं तोंडावर सांगावं. कोटाच्या पिशवीत कशाला?”

मी ‘हो हो’ म्हटलं. त्यांचं वय झालंय, असं मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात बँकेतल्या बाई आल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“डोळे उघडलेस ग तू माझे. ‘तुझ्या दिव्यातलं तेल शेजारीण नेते, मी पाहिलंय.’ तशीच वरच्या मजल्यावर गेले आणि तिला विचारलं.”

“अहो, पण—”

“रडायला लागली. म्हणाली, तेल नाही, पण तुमचं पायपुसणं मीच नेलंय. मला दोन वर्षं वाटत होतं, कुत्र्याने नेलं.”

दिव्यातलं तेल? हे तर माझ्या नदीचं वाक्य! मी वळून खिळ्याकडे बघितलं. खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं.

“अहो,” मी म्हटलं, “या खिळ्यावरचे कागद?”

“वापरले,” मास्तर म्हणाले.

“सगळे?”

“लग्नं आहेत. काम खूप आहे.”

“त्यावर लिहिलेलं होतं!”

“मला वाटलं, मापं असतील.”

“‘नदीचा ऊर भरून आला’ हे कुणाचं माप आहे?”

मास्तरांनी थोडा विचार केला. “कापताना मी वाचत नाही,” ते म्हणाले. “वाचलं तर कैची वाकडी जाते.”

बसले मी स्टुलावर. माझी नदी गल्लीभर वाटली गेली होती. कुणाच्या पाठीत, कुणाच्या कॉलरीत, कुणाच्या खिशात. तुम्ही म्हणाल, गोष्ट पाठ होती ना, मग पुन्हा लिही. गोष्ट पाठ होती हो, वाक्यं नव्हती. वाक्यं पाण्यासारखी असतात, ओंजळीतून गेली की गेली. आणि शनिवार तर उंबऱ्याशी येऊन बसला होता.

घाईताई बातमी ऐकून धावत आली. तिने कपाळाला हात लावायलासुद्धा वेळ घालवला नाही. “पिशव्या गोळा कर,” म्हणाली. “मी थेट फर्म्यावरूनच मजकूर लावते.”

मग मी दारोदार. “जरा तुमचा फर्मा द्याल का?” कुणी लगेच दिला. कुणी म्हणालं, देते, पण आधी सांगा, पुढे काय होतं? ज्यांच्या वाट्याला कॉलर आली होती त्यांना नवरा का गेला ते माहीत होतं, आणि ज्यांच्याकडे कमरपट्टा होता ते तो परत येतो का यावर एकमेकांत वाद घालत होते. चपलांच्या मालकांनी आपला फर्मा दिला, पण वर डॉक्टरांचा कागद जोडून दिला. म्हणाले, पुस्तकात याचीही नोंद घ्या, उगाच गैरसमज नको.

मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईत जे शब्द कापले गेले होते ते, बाकीचं न वाचता, मी आठवून आठवून भरले. सगळी पानं जुळत आली. माझ्या मते नव्हतं ते फक्त दुसऱ्या प्रकरणातलं मोठं पान. ते घेऊन गल्लीत गाणं शिकवणारी गाण्याची बाई स्वतःच दुकानात आली.

रविवारी तिचं लग्न होतं, आमच्या पाववाल्याशी. तिचा झगा आम्ही शिवलेला, त्याचं जाकीटही आम्हीच. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि हातात बाहीचा फर्मा.

“काकू, तुम्हाला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंत? तो रोज सकाळी पाव द्यायला येतो, तुमच्याशी बोलत बसतो. तुम्हालाच ठाऊक असणार.”

“काय ठाऊक असणार, बाळा?”

तिने वाचून दाखवलं. आवाज असा गोड, की भांडणसुद्धा अंगाईसारखं वाटावं:

“‘तो येणार नाही, बाई. दार लावून घे. त्याचं मन पाण्यासारखं. दुसऱ्या काठाला लागली त्याची नाव.’ मी त्याला सांगून आले, आपलं संपलं.”

“अगं, ती गोष्ट आहे. माझ्या पुस्तकातली.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगताय.”

“मला तो कागद दे, मी दाखवते.”

“नाही द्यायचा. हा माझ्याकडचा पुरावा आहे.” तिने बाही छातीशी धरली.

तेवढ्यात पाववाला आला. धावत आला असणार, कोपरापर्यंत पीठ लागलेलं, आणि कपाळावरही, जिथे त्याने हात मारून घेतला होता तिथे पाच बोटं उमटलेली.

“काकू, मी काय केलं? हिला विचारा, मी काय केलं!”

“दुसरा काठ कुठला ते याला विचारा,” ती म्हणाली.

“कुठला काठ? मला पोहतासुद्धा येत नाही.”

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. घाईताई घड्याळाकडे. मी खिळ्याकडे. तेव्हा मास्तरांनी कैची खाली ठेवली. दुकानात एकदम शांत झालं.

“हिची बाही,” ते म्हणाले, “आणि ह्याच्या जाकिटाची पाठ. एकाच कागदातून काढली. अगदी जोडून निघत होती, म्हणून लक्षात राहिलं.” मग पाववाल्याकडे वळून, “तुझा फर्मा कुठाय रे?”

“पिशवीतच आहे. त्यावर काहीतरी लिहिलं होतं. मला वाटलं, धुण्याच्या सूचना असतील.”

तो पळत जाऊन पिशवी घेऊन आला. मास्तरांनी हात पुढे केला. तिने क्षणभर विचार केला आणि बाही दिली. गिऱ्हाईक माझं ऐकत नाही, पण मास्तरांनी हात पुढे केला की मुकाट्याने कापड देतं. त्यांनी दोन्ही फर्मे टेबलावर पसरले आणि बाहीची कड पाठीच्या कडेला टेकवली. रेघ रेघेला भिडली. गाण्याची बाई वाकली आणि वाचायला लागली:

“तो येणार नाही, बाई, असं गाव म्हणतं.
दार लावून घे, असं शेजारणी सांगतात.
त्याचं मन पाण्यासारखं, तळाशी तुझंच तोंड दिसतं.
दुसऱ्या काठाला लागली त्याची नाव, तरी दोर तुझ्याच खुंटीला.”

वाचता वाचता तिचा आवाज कधी गाण्यात शिरला ते तिलाही कळलं नाही. आणि मला? मला तो माझ्या आईच्या मशीनच्या तालात ऐकू आला. मी उगीचच दोरा ओवायला घेतला. सुई दिसत नव्हती.

पाववाला हळूच म्हणाला, “म्हणजे धुण्याच्या सूचना नव्हत्या.”

ती हसली, आणि त्याच्या कपाळावरचं पीठ पुसायला गेली तर आणखी पसरलं.

“रडून झालं असेल तर कागद द्या,” घाईताई म्हणाली. “शनिवार आहे.”

शनिवारी संध्याकाळी मशीन न्यायला टेम्पो आला तेव्हा शेवटची प्रत ओली होती. रविवारी लग्न झालं. झगा सुरेख बसला, जाकीट पाठीत किंचित घट्ट, पण तो दोष आम्ही आनंदावर घातला. गल्लीतल्या प्रत्येकाने पुस्तक घेतलं, आणि प्रत्येकाने आधी आपलं पान उघडून ते नीट आलंय का ते तपासलं.

पहिली प्रत मात्र मी मास्तरांच्या हातात दिली होती. लग्न आटोपल्यावर त्यांनी चष्मा लावला. दुपारभर कैची वाजली नाही. शेवटी पुस्तक मिटून ते म्हणाले, “मापात आहे.”

मास्तर असं फक्त फार आवडलेल्या कपड्याला म्हणतात. मी तरंगायला लागणार एवढ्यात ते पुढे म्हणाले, “शेवटी जरा आखूड झालंय.”

मी पुस्तक ओढून घेतलं. शेवटचं पान उघडलं. तिथे होतं: ‘आणि मग एके दिवशी सकाळी ती बाई.’ बस. पुढे पांढरं. मागचं वाचायचं नाही हे मी इतकं मनापासून पाळलं होतं, की पुढचं नाही हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“अहो, शेवट कुठे गेला? मी तर एकूण एक घर पालथं घातलं.”

मास्तर कपाटाकडे गेले. लग्नात घातलेल्या आपल्या नव्या सदऱ्याची पिशवी काढली. आत हात घातला आणि तळहाताएवढा एक कागद टेबलावर ठेवला. खिशाचा फर्मा.

“इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तू गिऱ्हाइकांना विचारत होतीस,” ते म्हणाले. “मला कुठे विचारलंस?” मग कैची उचलता उचलता, माझ्याकडे न बघता, “मला वाचायची गरज नव्हती ग. मला सगळा येतो शेवट. तू लिहिताना पुटपुटत होतीस.”

म्हणजे नदी आटायची नाही. आता ती दोघांना येते.

पण तुमच्यापैकी ज्यांनी पुस्तक घेतलंय आणि ‘ती बाई’ या दोन शब्दांवर येऊन अडकले आहात, त्यांनी रागावू नका. मशीन गेलं, आता काही करता येत नाही. शेवट आम्ही दुकानात त्याच खिळ्याला लावून ठेवलाय. केव्हाही या, उभ्या उभ्या वाचून होतो. आणि आलाच आहात तर माप देऊन जा.