बारावं खळं

मंजुषाताईंचा मिक्सर बिघडला, तेव्हा नवा घरात यायला चौदा महिने लागले होते. जव्हारच्या बाजारात मिक्सर मिळत नाहीत असं नाही. पण त्यांचे यजमान सुदर्शन भोये हवाई दलातून निवृत्त होऊन जामसरला परतलेले. त्यांनी तीन कंपन्यांच्या मिक्सरची ओली चटणी, कोरडी चटणी आणि भिजवलेली डाळ अशी परीक्षा घेतली, मग वीज कमी दाबाने येत असताना पुन्हा घेतली, आणि निकालाचा तक्ता करून भिंतीवर लावला. तोवर मंजुषाताईंनी पाट्यावर वाटलं.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका सकाळी बचत गटाच्या रखमीबाई अंगणात येऊन म्हणाल्या, "सुदर्शन, गटाला भात झोडायचं मशीन मंजूर झालंय, कुठलं घ्यायचं ते तू निवडून दे," तेव्हा आत भाकरी थापणाऱ्या मंजुषाताई तशाच पिठाच्या हातांनी बाहेर धावल्या.

"रखमीकाकू, दुसऱ्या कोणालाही विचारा हो!"

पण तोवर सुदर्शनरावांनी चष्मा लावला होता.

रखमीबाईंची अडचण खरी होती. पाड्यात बारा खळी, सगळ्यांचं भात कापून भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या. दिवाळी झाली की तरणी माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार. त्याआधी झोडणी उरकली नाही, तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनीच भारे उचलून दगडावर आपटायचे. आणि रखमीबाईंचा उजवा खांदा गेल्या वर्षीच कामातून गेला होता.

"पंधरा दिवस हायेत बघ," त्या म्हणाल्या.

"काकू, घाई केली की फसगत होते. लढाऊ विमान कसं निवडतात ठाऊक आहे?"

"नाय. सांग."

हा प्रश्न सुदर्शनरावांना जामसरात सहा वर्षांत प्रथमच कोणी विचारला होता. ते अंगणात फेऱ्या मारत बोलू लागले. पाच-सहा देश आपापली विमानं घेऊन येतात. दलाला काय हवं ते आधी कागदावर उतरतं. मग प्रत्येक विमान वाळवंटातल्या उन्हात उडवायचं, लेहच्या थंडीत रात्रभर उभं ठेवून पहाटे चालू करायचं, उंचावर भार लादून बघायचं. सुटे भाग चाळीस वर्षं मिळणार का, दुरुस्ती आपल्याला शिकवणार का, हे लिहून घ्यायचं. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं चालत नाही. अशा एका चाचणीला ते स्वतः लेहला हजर होते. तिथे त्यांच्याकडे विमानाच्या चाकांना ठोकळे लावायचं काम होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. पण ते काम त्यांनी जीव ओतून केलं होतं, हेही खरं.

"याला किती दिवस लागतात?" रखमीबाईंनी विचारलं.

"वर्षं. कधी दहासुद्धा."

"मग तवर लढायचं कशानं?"

"जुन्या विमानांनी."

रखमीबाईंनी मंजुषाताईंकडे पाहिलं. मंजुषाताईंनी पाट्याकडे पाहिलं.

"आणि ती परीक्षा चालते तवर," रखमीबाई सावकाश म्हणाल्या, "तेल कोन घालतं?"

"विकणारे. सगळा खर्च त्यांचा."

"बरं बरं," रखमीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बसकण मारली. "मग कर तू. बरोबर रीतीनंच कर."

तीन विक्रेते आले. एकाच्या यंत्राचं इंजिन जपानी, दुसऱ्याचं इटालियन, तिसऱ्याचं चिनी. जव्हार-मोखाड्यातले बाकीचे गट जामसर काय घेतं ते बघून ठरवणार होते, त्यामुळे तिघेही कंबर कसून आलेले. सुदर्शनरावांनी प्रत्येकाच्या हातात नऊ पानी नियमावली ठेवली. इटालियनवाला धर्मेंद्र ती चाळून म्हणाला, "सर, चाळीस साल सुटे भाग मिळतील असं लिहून द्यायचं? चाळीस सालने मी तरी मिळणार का?"

"तुमच्या मुलाची सही चालेल," सुदर्शनराव म्हणाले.

पहिली चाचणी सपाटीवर, रखमीबाईंच्याच खळ्यावर झाली. उडवीचे तीन समान वाटे केले, प्रत्येक यंत्राला एक. सुदर्शनराव हातात घड्याळ घेऊन उभे, आणि गौरा नावाची गटातली तरतरीत सून दाणे किती, पेंढ्यात गेले किती, ते वहीत टिपत होती. दुपारपर्यंत उडवी संपली. जपानी पुढे होतं.

"पन हे सपाट झालं," रखमीबाई म्हणाल्या. "येसूचं खळं उतारावर हाय. तिथं चालंल काय?"

सुदर्शनरावांचे डोळे चमकले. "काकू, तुम्ही हवाई दलात असायला हवं होतं!"

दुसऱ्या दिवशी तिन्ही यंत्रं बारा माणसांनी दोर लावून येसूच्या खळ्यावर चढवली. तिसऱ्या दिवशी रखमीबाईंना पोशीचं भात आठवलं, ते दवाने ओलं होतं. चौथ्या दिवशी फागीचं आठवलं, तिथे दिवसभर ऊन. एका खळ्यावर यंत्रं आदल्या सांजेपासून उघड्यावर ठेवून पहाटे थंड इंजिन चालू करायचं ठरलं. चिनीवाल्याने दोरी ओढून ओढून हात सुजवून घेतला, पण तोही हटला नाही. एका दिवशी बायकांनी यंत्रं चालवायची आणि विक्रेत्यांनी नुसतं बघायचं, असं झालं. एक दिवस 'तंत्रज्ञान हस्तांतरणा'चा. गौराने इटालियन यंत्र पाना घेऊन पूर्ण उघडलं आणि परत जोडलं. एक बोल्ट उरला. यंत्र आधीपेक्षा बरं चालू लागलं, तेव्हा धर्मेंद्रने तो बोल्ट मुकाट्याने खिशात टाकला.

घरी मंजुषाताईंनी रोज एकच प्रश्न विचारला. "सगळ्यांच्या खळ्यावर चाचण्या चालल्यात. आपल्या का नाही?"

सुदर्शनरावांनी नियम वाचून दाखवला. निवड करणाऱ्याच्या हितसंबंधातलं भात चाचणीस वापरू नये.

"हितसंबंधातलं म्हणजे आपलंच ना?"

"हो. उद्या कोणी बोट दाखवायला नको. निर्णय झाला की निवडलेलं यंत्र पहिलं आपल्याच खळ्यावर."

"मिक्सरच्या वेळीही असंच म्हणाला होतात," मंजुषाताई म्हणाल्या.

बाराव्या दिवशी सगळे जमले. सुदर्शनरावांनी चौतीस पानांचा अहवाल उभ्याने वाचला. जपानी यंत्र दोन गुणांनी पहिलं आलं. त्याच्या विक्रेत्याने पेढे वाटले, बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता चला," सुदर्शनराव त्याला म्हणाले, "माझ्या खळ्यावर आणा हे."

"हे कसं आणू, साहेब? हा नमुना आहे. तुमचं नवीन कारखान्यातून येईल, सहा आठवड्यांनी. उद्या आम्हा तिघांनाही पोशेऱ्याच्या गटाने बोलावलंय."

"पोशेऱ्याला? कशाला?"

"चाचणीला." त्याने खिशातून नऊ पानी नियमावलीची झेरॉक्स काढली. "तिथल्या बाईंनी पाठवली. रखमीबाईंच्या बहीण आहेत म्हणे."

सुदर्शनरावांनी सावकाश अहवाल पुन्हा उघडला. चाचणी एक, चाचणी दोन, थेट अकरापर्यंत. प्रत्येक पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'स्थळ सुचवणाऱ्या: रखमीबाई'. पाड्यात खळी बारा. अकरा खळ्यांवर फक्त पेंढा उरला होता.

"काकू," ते म्हणाले, "हे तुम्ही ठरवून केलंत?"

"तूच बोललास, तेल विकणाऱ्याचं." रखमीबाईंनी उजवा खांदा चोळला. "या वर्षी एक भारा उचलला नाय मी, सुदर्शन. पंचेचाळीस वर्षांत पयल्यांदा. तुझं लई भलं होवो."

यावर रागवायचं कसं, हे नऊ पानांत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच सुदर्शनराव आपल्या खळ्यावर उतरले. मंजुषाताईंनी पहिला भारा त्यांच्या हातात दिला आणि दगड दाखवला.

"चौदा महिने पाटा मी चालवला," त्या म्हणाल्या. "आज दगड तुम्ही चालवा."

सुदर्शनराव मागे हटणाऱ्यातले नव्हते. त्यांनी भारा डोक्यावरून उचलला आणि आपटला. दुसरा आपटला, तिसरा आपटला. विसाव्या भाऱ्याला कंबर बोलू लागली, तरी थांबले नाहीत. मान वर केली तेव्हा बांधावर पाड्यातल्या बायका पदर खोचून उभ्या होत्या, आणि आंब्याच्या सावलीत रखमीबाई सुदर्शनरावांचंच घड्याळ हातात घेऊन बसल्या होत्या. शेजारी गौरा, वही उघडून.

"काय लिहू, आजी?"

रखमीबाईंनी दाण्यांची रास पाहिली, मग घामाने निथळणारे सुदर्शनराव पाहिले.

"लिही. देशी हाय. हळू चालतं, आवाज लई करतं, पन बंद पडत नाय."

सुदर्शनरावांनी कपाळ पुसलं. त्यांना राहवेना. "गुण किती दिलेत, काकू?"

बायका हसत खळ्यात उतरल्या आणि एकेकीने भारा उचलला. रखमीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आत्ताच कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुझं अर्धं भात वर टेकाडावर हाय. उतारावरची चाचणी राहिलीय."