वामनराव चोपदारांचा माईक

सई आणि ओंकार,

परवा फोनवर सईने विचारलं, "आजी, तुझ्या वेळी माईक कसा निवडायचे गं?" तिला तिकडच्या मंडळाच्या गणपतीत गायचं आहे. आवाज बारीक आणि पैसे बेताचे, त्यामुळे ती गोंधळली आहे. ओंकार मागून हसला, "आजीला काय विचारतेस!" हसू नकोस, ओंकार. या विषयात आयुष्याची काही वर्षं घालवलेला एक माणूस मी इंदूरच्या आमच्या गल्लीत, अगदी समोरच्या घरात पाहिला आहे. त्याला ओळखणारी आता मीच उरले आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

वामनराव चोपदारांना माईक दिसला की राहवत नसे. लग्न असो, सभा असो, शाळेचं गॅदरिंग असो, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते स्टेजवर चढायचे. "बस दोन मिनिटं, भिया. टेस्टिंग." (इंदुरात सगळेच एकमेकांचे भिया, म्हणजे भाऊ.) मग माईकसमोर मान वाकवून, ओठ जेमतेम हलवत, बायकी बारीक आवाजात म्हणायचे, "अहो, चहा गार होतोय." कर्ण्यातून काय बाहेर आलं ते कान तिरका करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "शब्द खातो हा," किंवा "याला तर सर्दी झालीय." एकदा शोकसभेतही त्यांनी हेच केलं. अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "नको वामनराव, आज चहा नको."

नवल याचं, की या माणसाला माईकची गरजच नव्हती. उंचीने ते आमच्या आईच्या खांद्याएवढे होते. पण गल्लीच्या टोकाला ते भाजीवालीशी बोलू लागले की आईला घरात कळायचं, आज भेंडी महाग आहे. त्यांचे वडील दरबारात चोपदार होते. महाराज यायच्या आधी ललकारी द्यायची, हे घराण्याचं काम. पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, दरबार उठला. आवाज मात्र वामनरावांच्या वाट्याला आला, आणि वामनराव सचिवालयात कारकून झाले. राजधानी तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. फायलींच्या पेट्यांबरोबर तेही जायचे, आणि तिकडचेही माईक तपासून यायचे. "ग्वाल्हेरचे माईक घमेंडी आहेत," असं त्यांचं मत होतं.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, त्यांना चिडवायचे, "वामनराव, कर्ण्याला कर्णा कशाला हवा?" त्यावर वामनराव नुसते हसायचे.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. एका दुपारी आईने दिलेलं लोणचं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. सुमतीकाकू, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरात होत्या. काकूंचा आवाज पूर्वी फार गोड होता. गल्लीच्या गणपतीत एक संध्याकाळ बायकांची असायची, तिचं पहिलं गाणं काकूंचं. पण तीन वर्षांपूर्वी त्यांना घटसर्प झाला. जीव वाचला, आवाज बसला तो बसलाच. तेव्हापासून त्या संध्याकाळी त्या मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

काकूंनी कपात चहा ओतला आणि ओसरीकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, चहा गार होतोय."

मी हाताच्या अंतरावर होते म्हणून मला ऐकू आलं. ओसरीवर पेपर वाचणाऱ्या वामनरावांना काहीच कळलं नाही. काकू कप उचलून निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "त्यांचे कान ठीक आहेत गं. माझंच पोचत नाही."

सगळ्या शहरातले माईक वामनराव कोणाच्या आवाजात तपासत होते, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

घरी येऊन मी सांगितलं, तेव्हापासून दादांची थट्टा बंद झाली. उलट तेच वामनरावांबरोबर परदेशीपुऱ्यात बाबूभियाकडे गेले. बाबूभिया लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा आणि जुने माईक विकायचा. गणपती तोंडावर आले होते. "मंडळाचा भाड्याचा माईक तिला गिळून टाकतो," वामनराव त्याला म्हणाले. "तिच्या आवाजाचा पाहिजे. आणि कारकुनाला झेपणारा." मग एकेका माईकसमोर वाकून त्यांनी आपलं वाक्य म्हणून दाखवलं. प्रत्येक वेळी दुकान दणाणलं.

बाबूभियाने कानांवरचे हात काढले. "भिया, तुम्हारी तो फुसफुस में भी दरबार लगा है! जिनको गाना है, उनको लाओ ना."

इतक्या वर्षांत हे वामनरावांना सुचलंच नव्हतं. पण काकू ऐकेनात. "दुकानात जाऊन हॅलो हॅलो करू? आणि गणपतीत लोक हसले तर? मी नाही गाणार." शेवटी बाबूभियाच तीन माईक टांग्यात घालून घरी आला. दादा आईला म्हणाले, "समोर माईक दाखवायचा कार्यक्रम आहे. पोहे आपल्याकडून पाठव."

पहिला माईक मोठा, चकचकीत. बाबूभिया त्यात बोलला तेव्हा छान वाजला, पण त्याच्यापुढे छाती लागते हे दिसतच होतं. दुसरा सुरू केला की नुसता चुरचुरायचा. दादा म्हणाले, "हा भजी तळतोय." तिसरा पुरीएवढा, चपटा, रंग उडालेला. "ये तो बस यूँ ही ले आया," बाबूभिया म्हणाला. तो सुरू करून त्याने टेबलावर ठेवला. काकू एकाहीपुढे तोंड उघडायला तयार नव्हत्या. पदर तोंडाशी धरून मान हलवायच्या. कर्णा गल्लीच्या टोकाला, किराणा दुकानाच्या छपरावर बांधला होता. त्याची वायर पुन्हा बघायला वामनराव तिकडे गेले.

काकूंनी तेवढ्यात चहा आणला. टेबलावर कप ठेवायला वाकल्या आणि सवयीने म्हणाल्या, "अहो, चहा गार होतोय."

गल्लीच्या टोकाला ते स्वच्छ ऐकू आलं. भाजीवालीने वळून पाहिलं. आणि तिकडून, कुठल्याही माईकशिवाय, उत्तर आलं, "आलो!"

सगळे हसलो. काकूसुद्धा. पण वामनराव काही आले नाहीत. मी ओसरीवर जाऊन पाहिलं. हातात वायर धरून ते कर्ण्याखाली तसेच उभे होते, तोंड वर करून.

बाबूभिया हलकेच म्हणाला, "बाईजी, एक बार और बोलो."

काकूंनी पदर तोंडावरून खाली घेतला, आणि पुन्हा म्हटलं. या वेळी मुद्दाम.

त्या गणपतीत बायकांच्या संध्याकाळचं पहिलं गाणं काकूंनी म्हटलं. वामनरावांनी घेतलेला तो चपटा माईक स्टँडवर, तोंडापासून चार बोटांवर, आवाज न ताणता, जसा होता तसा. कर्णा माईकच्या पुढे लांब बांधलेला, म्हणजे शिट्टी वाजत नाही. कोणी हसलं नाही. वामनराव पुढच्या रांगेत नव्हते. ते शेवटी, कर्ण्याखाली उभे होते. शेजारचा कोणी काही बोलायला गेला तर ओठांवर बोट ठेवून त्यांनी त्याला गप्प केलं. वामनराव कुणाला गप्प करताहेत, हे आमच्या गल्लीने तेव्हाच पाहिलं.

तर सई, माईक बघायला दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस. स्वतः जा, तुझ्या आवाजात बोल, आणि घरात रोज बोलतेस तेच वाक्य बोल. महागाचा चांगला असतोच असं नाही.

तो पुरीएवढा माईक पुढे काही वर्षांनी बिघडला. आवाज पकडणाऱ्या त्याच्या आतल्या स्फटिकाला उष्णता चालत नाही, त्याला इंदूरचा मे महिना सोसला नाही. काकू वामनरावांच्या आधी गेल्या. त्यानंतर ते कुठल्या स्टेजवर चढले नाहीत. माईकचा स्टँड त्यांनी मला दिला, तो माझ्या खोलीत आहे. त्याचा स्क्रू गंजून घट्ट बसला आहे, काकूंच्या उंचीवर.