भरीव म्हणू नका!

कॉलनीने ठेवलेल्या सत्कारात नारळ फुटायच्या आधी गुंजाळकाकाच फुटले. पाहुण्यांची चूक एवढीच, की ते माइकवर म्हणाले, "गुंजाळसाहेबांनी भरीव कामगिरी केली." काका शाल फेकून उठले. "भरीव कुणाला म्हणता हो? शिव्या द्यायला बोलावलंय का मला?"

त्यांच्या लेखी ती शिवीच होती. काका मूळचे पारनेर तालुक्यातले. जन्म गेला गॅस शोधणाऱ्या कंपनीत, जमिनीखालचे वाळूचे दगड तपासण्यात. निवृत्त होऊन नगरला माझ्या शेजारी आले आणि अख्ख्या कॉलनीवर चिडत बसले. पायाखाली सगळा ज्वालामुखीचा काळा दगड आणि कुणाला त्याचं काही नाही, हा मुख्य राग. मी एकदा ज्वालामुखीला सत्यानाशी म्हणालो, तर हातातला पेपर हिसकावला.

"अडाण्या, वाळूत त्याची राख लई पडली की तिची माती हुते, सगळी भोकं बुजतात. मेला तो दगड! पण बेतानं पडली तर कणाकणाला पातळ लेप बसतो. मग दाबाखाली बी कण घट्ट जुळत न्हाईत, मधी पोकळी ऱ्हाती. गॅस तिथं असतो. भरीव दगड काय चाटायचाय?"

त्यामुळे 'पोकळ' ही त्यांची शाबासकी. सुनीताकाकूंना ते कौतुकाने "पोकळ डोक्याची" म्हणत आणि काकू लाटणं दाखवत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मग काकांच्या तोंडातून दूधवाला सुटेना, रिक्षावाला सुटेना. त्यांच्या मुलीचा पुण्याहून मला फोन आला, "दादा, आईची खोली रिकामी आहे. चांगला भाडेकरू बघा ना, बाबांना सोबत होईल." मला परोपकाराची खाज! काकांना न विचारता जामखेडचा एक गरीब स्वभावाचा बँक कारकून बॅगेसकट घेऊन गेलो. वर म्हणालो, "काका, तेवढीच पोकळी भरून निघेल."

काकांनी आधी त्याची बॅग फाटकाबाहेर ठेवली, मग मला. "माझं घर बुजवायला निघालास व्हय रे? चल, हो भाईर!" सगळी कॉलनी गच्चीवर. मीही भडकलो. म्हातारा गेला खड्ड्यात, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो.

चौथ्या दिवशी बायकोने ढकललं म्हणून माफी मागायला गेलो, तेही धुसफुसतच. दार उघडं होतं. काका काकूंच्या खोलीत खाली बसले होते आणि रिकाम्या कॉटवर डाफरत होते, "भाजी खारट झाली आज. आधी सांगायला काय झालं हुतं तुला?"

मला पाहून ते ओशाळले. पहिल्यांदाच रागावले नाहीत.

"हितं बोललं की बरं वाटतं रे," ते म्हणाले. "जागा हाय तवर ती हाय. दुसरं कुणी ऱ्हायला आलं, तर तिनं जायचं कुठं?"

मी दारातच चपला काढल्या. आत मात्र गेलो नाही.